वर्गातील यंत्र आणि यंत्राचा धनी

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात ओपनएआय ह्या अमेरिकन कंपनीने भारतातील शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांच्यासाठी आपल्या चॅटजीपीटी ह्या यंत्रणेचे ५ लाख परवाने विनामूल्य वाटण्याची घोषणा केली. शिक्षणखात्याच्या वर्तुळात ह्या घोषणेचे जे स्वागत झाले, ते एखाद्या दानशूर संस्थानिकाच्या स्वागतासारखेच होते. फुकट माल वाटणारा व्यापारी वसुलीची वही घरी ठेवून आलेला नसतो, हे आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईलाही ठाऊक असते. नव्या शिक्षणाचे जे स्वयंघोषित शिल्पकार आज दिल्लीपासून बंगळूरपर्यंत व्याख्याने देत फिरत आहेत, त्यांच्या ठायी मात्र हे साधे व्यवहारज्ञान आढळत नाही, किंवा आढळत नसल्याचा देखावा तरी ते उत्तम वठवितात.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चित्र रेखाटणारी, ध्वनी जुळविणारी, चलत्चित्र घडविणारी, भित्तिपत्रके मांडणारी डिजिटल साधने वर्गात आली की घोकंपट्टी आपोआप नाहीशी होईल, मूल निर्मितीक्षम होईल आणि शिक्षक हा ज्ञान देणारा न राहता केवळ वाट दाखविणारा सहायक होईल. ह्या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे. आणि त्या अंशाच्या आडोशाने जे असत्य खपविले जात आहे त्याचा समाचार घ्यावयाचा तर प्रारंभ म्हैसूरपासून करणे सोयीचे होईल. ह्या शहरात एका शिक्षकाने नव्वद वर्षांपूर्वीच आपल्या काळातील अत्याधुनिक साधन स्वतःच्या हाती घेतले होते.

एका प्राध्यापकाचे प्रक्षेपण केंद्र

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी १९३५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या राहत्या घरी, ‘विठ्ठल विहार’ ह्या वास्तूत, अल्प शक्तीचे एक रेडिओ प्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्या काळी रेडिओ हे यंत्र म्हणजे आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेइतकेच अद्भुत आणि तितकेच मूठभरांच्या हातातले होते. प्राध्यापकमजकुरांनी त्याचा उपयोग संगीत, व्याख्याने आणि लोकशिक्षणाचे कार्यक्रम ऐकविण्यासाठी केला. त्यांना कोणा विदेशी कंपनीने परवाना बहाल केला नव्हता, की ‘शिक्षक-राजदूत’ म्हणून छातीवर बिल्ला लावला नव्हता. त्या केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले; पुढे ते म्हैसूर संस्थानाच्या, म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेच्या, स्वाधीन झाले आणि स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाच्या नभोवाणीने तेच नाव स्वीकारले.

ह्या प्रसंगाचे कौतुक म्हैसूरकर वर्षानुवर्षे करीत आले आहेत, ते योग्यच आहे. पण त्यातला जो भाग सहसा सांगितला जात नाही तो असा की, यंत्र शिक्षकाच्या मालकीचे होते, काय ऐकवावयाचे हे शिक्षक ठरवीत होता, आणि यंत्र वाढले तेव्हा ते सार्वजनिक झाले. आजचा प्रवास नेमका उलट्या दिशेने चालला आहे. शिक्षकांनी सार्वजनिक पैशावर, सार्वजनिक विद्यापीठांत घडविलेली साधने वाढली की खाजगी होतात.

ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे जिओजेब्रा. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर ह्या विद्यार्थ्याने २००१ मध्ये आपल्या प्रबंधासाठी हे गणिताचे साधन तयार केले. पडद्यावर त्रिकोण काढावा, त्याचा एक शिरोबिंदू धरून वाटेल तसा ओढावा. भुजा लांबतात, आखडतात, कोन बदलत राहतात, पण तिन्ही कोनांची बेरीज काही केल्या १८० अंशांवरून हलत नाही. फळ्यावर हे सिद्ध करता येते. पण शंभर त्रिकोण स्वतःच्या हाताने मोडूनतोडून पाहण्याचा अनुभव खडूने देता येत नाही. ज्या मुलाने तो घेतला, ते मूल ‘का?’ असा प्रश्न विचारते, आणि गणिताचे शिक्षण तेथून सुरू होते. सर्जनशील साधन ह्या शब्दाला काही अर्थ असेल तर तो हाच. जगभरच्या शिक्षकांनी ह्या साधनावर पाठ रचले, त्याची आपापल्या भाषांत भाषांतरे केली, चुका दुरुस्त केल्या, आणि हे सारे एक पैसा न घेता केले. कर्नाटकात सरकारी माध्यमिक शाळांतील गणित-शिक्षकांना ते शिकविण्यात आले. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात त्याचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. हे सारे घडविण्यात एकाही भांडवलदाराचे एकही नाणे आवश्यक ठरले नव्हते.

आणि मग २०२१ च्या डिसेंबरमध्ये बंगळूरच्या बायजूज ह्या कंपनीने जिओजेब्रा विकत घेतले. ते स्वतंत्र घटक म्हणून चालू राहील, असे आश्वासन त्या वेळी देण्यात आले. आश्वासन देणाऱ्या कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. २०२४ च्या १६ जुलै रोजी बंगळूरच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली. म्हणजे लक्षावधी शिक्षकांच्या श्रमदानातून समृद्ध झालेले साधन एका सट्टेबाज भांडवलाच्या मालमत्तेच्या यादीत जाऊन बसले, आणि ती यादी पुढे सावकारांनी चाळावयास घेतली. ज्यांनी पाठ रचले त्यांना ह्या व्यवहारात कोणी विचारले? ह्याच कंपनीशी नीती आयोगाने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ११२ ‘आकांक्षित’ जिल्ह्यांतील मुलांसाठी सहकार्य जाहीर केले होते, आणि आंध्र प्रदेश सरकारने २०२२ च्या जूनमध्ये तिच्याशी करार केला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. देशातील अत्यंत मागास जिल्ह्यांची मुले कोणाच्या भरवशावर सोडली जात होती, ते त्यावरून दिसते.

फुकटाची किंमत

जिओजेब्राच्या बाबतीत निदान साधन तरी शिल्लक आहे. इतर अनेकांच्या बाबतीत तेही राहिलेले नाही. गूगल कंपनीने ‘जॅमबोर्ड’ नावाचा डिजिटल फळा शाळांना देऊ केला. टाळेबंदीच्या काळात असंख्य शिक्षकांनी त्यावर आपले पाठ मांडले, मुलांकडून आकृत्या काढून घेतल्या, चर्चा नोंदविल्या. २०२४ च्या अखेरीस कंपनीने तो फळा कायमचा पुसून टाकला. मायक्रोसॉफ्टने मुलांना चित्रफितींतून उत्तरे देता यावीत म्हणून विकत घेतलेले ‘फ्लिप’ हे साधन १ जुलै २०२४ पासून स्वतंत्रपणे बंद केले. अडोबीच्या ‘फ्लॅश’वर जगभरच्या शाळांसाठी तयार झालेले चलत्चित्र-पाठ २०२० ची ३१ डिसेंबर उलटल्यावर निरुपयोगी झाले. शाळांना अमर्याद साठवणूक विनामूल्य देऊ करून सवय लावल्यानंतर गूगलने २०२२ पासून त्यावर मर्यादा घातली. ह्यांपैकी एकाही निर्णयात एकाही शिक्षकसंघटनेला, एकाही राज्य शासनाला मताधिकार नव्हता.

खाजगी साधने टिकत नाहीत हा येथे मुख्य आक्षेप नव्हे. लाकडी फळाही कधीतरी कुजतो. पण लाकडी फळा कुजला तर गावचा सुतार दुसरा करून देतो, कारण फळा कसा करावयाचा हे कोणाच्या मालकीचे गुपित नाही. ज्या साधनाची घडण पाहता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि दुसऱ्याला देता येत नाही, त्या साधनावर मुलाला ‘निर्मिती’ शिकविणे म्हणजे भाड्याच्या शेतात फळझाडे लावण्यासारखे आहे.

कर्नाटकाला ह्याचा अनुभव तसा जुना आहे. १९७५ च्या १ ऑगस्टपासून एक वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा जो प्रयोग झाला, त्यात कर्नाटकाचे गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होत, संध्याकाळी सारा गाव पडद्यासमोर बसे. कार्यक्रम आपल्या माणसांनी केलेले होते, भाषा आपल्या होत्या, तंत्रज्ञ आपले होते. उपग्रह मात्र अमेरिकेचा होता. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि उपग्रह माघारी गेला. त्या प्रयोगापासून भारतीय शास्त्रज्ञांनी योग्य तो बोध घेतला व स्वतःचे उपग्रह उभारले. शिक्षणखात्यांनी तो घेतला नाही. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पात ब्रिटनमधून बीबीसी मायक्रो संगणक शाळांत आणले गेले, तेव्हाही यंत्र आधी आले आणि त्याचे काय करावयाचे हा प्रश्न मागाहून.

आजची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे, कारण आज विदेशी-स्वदेशी असा सरळ भेद पुरेसा नाही. केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाला. तो इन्फोसिसचे एक संस्थापक नंदन निलेकणी प्रभृतींच्या एकस्टेप प्रतिष्ठानाने तयार केलेल्या ‘सनबर्ड’ ह्या पायावर उभा आहे. हा पाया मुक्त स्रोताचा आहे, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पण मुक्त स्रोत एवढ्यानेच कारभार लोकांच्या हाती येतो असे नव्हे. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेल्या दीडशेहून अधिक शैक्षणिक साधनांची तपासणी केली. त्यांपैकी ८९ टक्के साधनांची माहिती गोळा करण्याची पद्धत मुलांच्या हक्कांना धोका पोहोचविणारी आढळली. त्या तपासणीत ‘दीक्षा’चाही समावेश होता. पुढे २०२३ च्या जानेवारीत उघडकीस आले की, ‘दीक्षा’वरील १० लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, दूरध्वनी क्रमांक व ई-मेल पत्ते, तसेच सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एका असुरक्षित साठ्यात वर्षाहून अधिक काळ उघडी पडलेली होती. शिक्षकाचे हजेरीपत्रक हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद असे, त्या व्यवस्थेला मागासलेली म्हणणाऱ्यांनी ह्यावर काय उत्तर दिले? उत्तर म्हणावे असे काहीच नाही.

दोन राज्ये, दोन मार्ग

केंद्र सरकारची शाळांतील माहिती-तंत्रज्ञान योजना २००४ च्या डिसेंबरमध्ये आली. त्या योजनेत खाजगी कंपनीने संगणक बसवावेत, आपलेच प्रशिक्षक नेमून काही वर्षे ते चालवावेत आणि मुदत संपल्यावर शाळेच्या हवाली करावेत, अशी ठेकेदारी पद्धत मान्य करण्यात आली होती. कर्नाटकाने हा मार्ग धरला. परिणाम काय व्हावयाचा तो झाला. संगणकाची खोली ही शाळेच्या आवारातील परकी वसाहत बनली. तेथे येणारा तरुण प्रशिक्षक कंपनीचा, तुटपुंज्या पगाराचा आणि उद्याची शाश्वती नसलेला. गणिताच्या वा इतिहासाच्या शिक्षकाचा त्या खोलीशी संबंध नाही. मुदत संपली की प्रशिक्षक गेला, आणि मागे राहिली ती जुनी झालेली यंत्रे आणि एक कुलूप.

शेजारच्या केरळने काय केले? तेथील ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पही २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवरच चालावयाचा होता. त्याला शिक्षकसंघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी कडाडून विरोध केला. विरोध संगणकाला नव्हता. एका कंपनीचा माल म्हणजेच अभ्यासक्रम, ह्या समीकरणाला होता. हळूहळू सारी व्यवस्था मुक्त सॉफ्टवेअरवर आली. प्रशिक्षक बाहेरून आणले नाहीत. शाळेतल्याच शिक्षकांतून निवडले, त्यांनी इतर शिक्षकांना शिकविले. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत चित्रासाठी जिम्प आणि इंकस्केप आले, भूमितीसाठी जिओजेब्रा आले. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ ह्या विद्यार्थिमंडळांतून सरकारी शाळांची मुले चलत्चित्रे करतात, यंत्रे जोडतात, शाळेचे कार्यक्रम स्वतः चित्रित करतात. २०१९ मध्ये त्या राज्याच्या यंत्रणेने दिलेल्या हिशेबाप्रमाणे मुक्त सॉफ्टवेअरमुळे वाचलेली परवान्यांची रक्कम ३००० कोटी रुपयांच्या घरात जाते. आकडा सरकारी आहे, म्हणून तो थोडा कमी धरावा असे कोणी म्हटले तरी हरकत नाही. मुद्दा रकमेहून मोठा आहे. केरळात शिक्षक हा यंत्राचा धनी झाला, कर्नाटकात तो यंत्राच्या दाराशी उभा राहिला.

ह्याचा अर्थ केरळात सारे आलबेल आहे असा नव्हे. १ जून २०२० रोजी तेथे दूरचित्रवाणीवरून वर्ग सुरू झाले तेव्हा सुमारे अडीच लाख मुलांच्या घरी ना दूरदर्शन होते, ना इंटरनेट. ही उणीव आधी हेरून मग वर्ग सुरू करावयास हवे होते. ती नंतर वाचनालयांत, गावच्या सभागृहांत संच बसवून बव्हंशी भरून काढण्यात आली. कारण तेथे वाचनालये होती. आणि कर्नाटकाला श्रेय द्यावयाचे तर तेही द्यावे लागेल: २०२० मध्ये ‘विद्यागम’ ह्या उपक्रमात तेथील सरकारी शिक्षक स्वतः वस्त्यांवर गेले, झाडाखाली, देवळाच्या ओवरीत मुले जमवून शिकविले. साथ वाढली, शिक्षक आजारी पडले आणि ऑक्टोबरमध्ये तो थांबवावा लागला. पण ज्या काळात खाजगी कंपन्यांचे प्रवक्ते शाळेची भिंत कालबाह्य झाल्याचे सांगत होते, त्याच काळात शाळेविना शाळा चालविली ती पगारी सरकारी शिक्षकाने. कर्नाटकातच माध्यमिक शिक्षकांचे विषयवार मंच २०११ पासून मुक्त साधनांवर काम करीत आले आहेत, हेही विसरता कामा नये. म्हणजे दोष राज्याच्या शिक्षकांत नाही, धोरणात आहे.

नकारघंटा वाजविणारे

येथे दुसऱ्या एका गटाचाही समाचार घेणे भाग आहे, कारण तो पुरोगामी मंडळींत अधिक आढळतो. ह्या गटाच्या मते यंत्र ही भांडवलदारांची खेळी आहे, गरिबाच्या मुलाला आधी पाटी-पेन्सिल व मध्यान्ह भोजन मिळाले पाहिजे, संगणकाची चैन नंतर. स्वीडनने २०२३ मध्ये पडदे मागे घेऊन छापील पुस्तकांसाठी ६८५ दशलक्ष क्रोनर मंजूर केले, हा दाखला ही मंडळी हटकून देतात.

दाखला खरा आहे आणि गैरलागूही आहे. ज्या देशात प्रत्येक मुलाजवळ पुस्तकही होते आणि यंत्रही, त्याने दोन्ही अनुभवून पुस्तकाचे पारडे जड केले. आपल्याकडे यूडायस-प्लसच्या २०२३-२४ च्या आकडेवारीप्रमाणे ५७.२ टक्के शाळांत संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट. राहिलेल्या शाळांतील मुलांना त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार ज्यांची स्वतःची मुले सायंकाळी घरी चलत्चित्रे रचतात त्यांना कोणी दिला? २०२१ च्या ‘असर’ पाहणीत ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, पण त्यांतील २६.१ टक्के मुलांना तो हाताळावयासच मिळत नव्हता. घरात एकच फोन, तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात. अशा मुलाला यंत्र कोठे भेटेल? शाळेत भेटेल, नाहीतर भेटणारच नाही.

खरा वर्गभेद ‘यंत्र आहे’ आणि ‘यंत्र नाही’ एवढ्यावर आता थांबलेला नाही. महागड्या शाळेतील मुलाला पडद्यावर चित्र काढावयास, ध्वनी नोंदवावयास, स्वतःचा खेळ रचावयास मिळतो. सरकारी शाळेतील मुलाला तयार चित्रफीत पाहावयास आणि चार पर्यायांतून एक निवडावयास मिळतो. एकाला घडविण्याचे साधन, दुसऱ्याला तपासले जाण्याचे. उद्या एक आज्ञा देईल आणि दुसरा आज्ञा पाळेल, ह्याची तालीम आठव्या-नवव्या वर्षीच सुरू होते. यंत्राला सरसकट नकार देणारे ह्या विभागणीला हातच लावीत नाहीत. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा ह्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती छोटे संगणक दिले गेले. धनगरांच्या मुलांना ते हाताळावयास पदवी लागली नाही. अडचण पुढे आली ती यंत्र कोण सांभाळणार आणि शिक्षकामागे कोण उभे राहणार ह्या ठिकाणी, म्हणजे नेमकी तेथेच जेथे सार्वजनिक व्यवस्थेने असावयास हवे होते.

शिक्षकाच्या जागी पडदा

आता त्या ‘सहायक’ ह्या शब्दाकडे वळू. शिक्षक सहायक झाला की त्याचा पगारही सहायकाचा करता येतो, हे अर्थखात्याने शिक्षणतज्ज्ञांच्या आधी ओळखले. २०२४-२५ मध्ये देशात एकच शिक्षक असलेल्या शाळा १ लाख ४ हजारांहून अधिक होत्या. ह्या शाळांतील शिक्षकाने चार इयत्ता एकाच वेळी सांभाळावयाच्या, भोजनाचा हिशेब ठेवावयाचा, मतदारयाद्या करावयाच्या, माहिती ॲपवर चढवावयाची, आणि उरलेल्या वेळात ‘सर्जनशील’ व्हावयाचे! २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शैक्षणिक दूरचित्रवाहिन्या १२ वरून २०० वर नेण्याची घोषणा झाली; रिकाम्या शिक्षक-जागा भरण्याची घोषणा तेवढ्या आवाजात झाली नाही. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा ‘समूह शाळां’त विलीन करण्याची भाषा सुरू झाली तेव्हाही समर्थनार्थ पुढे करण्यात आल्या त्या आधुनिक सुविधाच. वस्तीवरची शाळा मोडून पाच किलोमीटरवर पडदा लावला, तर पडद्यापर्यंत मुलगी पोहोचणार कशी?

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची वाखाणणी झाली. पण ती कल्पना कोणा कंपनीच्या प्रयोगशाळेत नव्हे, जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकाच्या डोक्यात निघाली, ह्या गोष्टीवर अभिनंदनाचे ठराव करणाऱ्यांनी फारसा भर दिला नाही. नोकरीची शाश्वती असलेला माणूसच प्रयोग करू धजतो.

ज्या पडद्याच्या शिक्षणाचे एवढे गोडवे गायिले जातात, त्याच्या शेवटच्या पायरीवर काय आहे तेही म्हैसूरलाच पाहावयास मिळते. शहराबाहेर तीनशेहून अधिक एकरांवर इन्फोसिसचे प्रशिक्षण संकुल पसरलेले आहे. तेथे २०२५ च्या फेब्रुवारीत तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी अंतर्गत परीक्षांत तीन वेळा अनुत्तीर्ण झाले म्हणून कामावरून कमी करण्यात आले. आकडा कंपनीने मान्य केलेला आहे, कामगारांच्या एका संघटनेच्या मते तो सातशेच्या घरात होता. ह्यांतील अनेकांची निवड २०२२ मध्ये झालेली, नेमणुकीसाठी दोन वर्षे ताटकळलेले. ज्यांना डिजिटल युगाचे मानकरी म्हणून शाळेपासून गौरविले गेले, त्यांना त्या युगाने तीन परीक्षांनंतर दार दाखविले. यंत्र चालविता येणे म्हणजे यंत्रावर सत्ता असणे नव्हे, हे त्या तरुणांना कोणत्याही ॲपने शिकविलेले नव्हते.

ल आणि श

शेवटी भाषेचा प्रश्न, जो मराठी वाचकाला लहान वाटू नये. मराठी मूल पाटीवर ‘ल’ आणि ‘श’ ज्या वळणाने गिरविते, ते वळण हिंदीहून वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण केले त्यातही ते नोंदलेले आहे. पण चित्र वा भित्तिपत्रक रचण्याच्या बहुसंख्य विदेशी साधनांत देवनागरी म्हणजे हिंदी असे गृहीत धरलेले असते. मूल आपले नाव लिहिते आणि पडद्यावर परक्या वळणाचे अक्षर उमटते. ‘दऱ्या’ वा ‘वाऱ्याने’ लिहू जाता रफार भलतीकडे जातो. पहिलीतल्या मुलाच्या दृष्टीने चूक यंत्राची नसते, त्याची स्वतःची असते. कन्नडाची, तुळूची, कोकणीची गत ह्याहून बरी नाही. मुक्त साधनात हा दोष एखादा जाणकार शिक्षक दुरुस्त करू शकतो. बंदिस्त साधनात त्याने अर्ज करावयाचा आणि वाट पाहावयाची.

कर्नाटकात बेळगाव, बिदर ह्या जिल्ह्यांत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. एनसीईआरटीच्या व्यवस्थेत त्यांचे शिक्षक म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात. सीमेपलीकडे कोल्हापूर-लातूरचे शिक्षक भोपाळच्या. तीच भाषा, तेच धडे, पण प्रशिक्षणाची दारे हजार किलोमीटर दूर. म्हैसूरची ही संस्था १९६३ पासून दक्षिणेतील शिक्षक घडवीत आहे. तिच्या शेजारीच, त्याच मानसगंगोत्री परिसरात, १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आहे. ‘भारतवाणी’ हा बहुभाषी ज्ञानमंच २०१६ पासून तिच्याकडे आहे, आणि पुण्यातील पश्चिम विभागीय भाषा केंद्रही तिचेच. मराठीतून मुक्त साधने शिकविणारे ध्वनिचित्र-पाठ मुंबईच्या आयआयटीत तयार पडलेले आहेत. ह्या सर्वांचा मालक एकच, केंद्रीय शिक्षण मंत्रालय. त्याच केंद्र सरकारच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने शाळांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे म्हटलेले आहे. बेळगावच्या मराठी शाळेतील शिक्षिकेला मराठीतून, मुक्त साधनावर, सेवेत असतानाच प्रशिक्षण द्यावयाचे असेल तर त्यासाठी ५ लाख परवाने, नवा करार वा नवी कंपनी ह्यांची गरज नाही. कर्नाटकातील शिक्षकसंघटनांनी ही मागणी लेखी स्वरूपात म्हैसूरच्या दोन्ही संस्थांकडे आणि बंगळूरच्या राज्य शिक्षणखात्याकडे नेली पाहिजे. पुढल्या संगणक-खरेदीच्या निविदा निघण्यापूर्वी ती जाणे आवश्यक आहे. निविदा निघाल्यावर बोलणी ठेकेदाराशीच करावी लागतात.